ब्याण्णव टक्के अननस

महागड्या परफ्युमची स्वस्त नक्कल कितपत साधली आहे, हे हल्ली टक्क्यांत सांगायची पद्धत आहे. 'झकास', 'बरा आहे', 'डोकं उठलं' ही जुनी मापं मोडीत निघाली. माझा भाचा मनगट माझ्या नाकाला टेकवतो आणि जाहीर करतो, "मामा, ब्याण्णव टक्के सेम." नव्वद म्हणत नाही, पंचाण्णव म्हणत नाही. ब्याण्णव. दहावीच्या निकालावर पोसलेल्या राज्यात कुठलीही गोष्ट टक्क्यांशिवाय पचत नाही, हे मान्य. पण दहावीचे पेपर तपासणाऱ्यानं धडा निदान एकदा वाचलेला असतो, असं आपण धरून चालतो. इथे मूळ परफ्युम ना भाच्यानं हुंगलेला, ना त्याच्या मित्रानं. मित्राला हा आकडा त्याच्या जिममधल्या एकानं सांगितला आणि त्या एकाच्या दुबईतल्या चुलतभावाच्या साहेबाकडे म्हणे खरी बाटली आहे. दुधाची तहान ताकावर भागवणाऱ्याला दुधाची चव तरी ठाऊक असते.

तर हा खरा, न हुंगलेला परफ्युम म्हणजे क्रीडचा अ‍ॅव्हेंटस. क्रीड हे पॅरिसचं घराणं; आपला इतिहास ते १७६० पासून सांगतं. अ‍ॅव्हेंटस बाजारात आला २०१० साली. बाटलीवर घोडेस्वार, आणि आत अननस. वरच्या थरात अननस, ब्लॅककरंट, बर्गमॉट. खाली बर्चचा धूर, मस्क आणि ओकमॉस. आपण अननसाचा शिरा करतो, पेस्ट्री करतो, लग्नात रायतं करतो. त्यांनी त्याला धुरी दिली आणि शंभर मिलीला तीस हजारांच्या वर नेऊन बसवलं. जगभरच्या पुरुषांना ते इतकं पटलं, की २०२३ साली केरिंग कंपनीनं हे घराणं साडेतीन अब्ज युरो मोजून विकत घेतलं.

त्याला तोड म्हणून पुढे आला क्लब द नुई इन्टेन्स मॅन, संयुक्त अरब अमिरातीतल्या आर्माफचा, २०१५ सालचा. काळीभोर बाटली, वजनाला एवढी की चोरावर फेकून मारता यावी. किंमत तीन हजारांच्या आसपास. आणि आत माल १०५ मिली. मूळच्यापेक्षा पाच मिली जास्त! मराठी माणसाचा निम्मा निकाल झाकण उघडायच्या आधी इथेच लागतो.

आता भाच्याचं गणित खरं मानून हिशेब करू. ब्याण्णव टक्के अ‍ॅव्हेंटस तीन हजारांत, म्हणजे टक्क्याला तेहेतीस रुपये. उरलेल्या आठ टक्क्यांसाठी वरचे सत्तावीस हजार, म्हणजे टक्क्याला तीन हजार तीनशे पंचाहत्तर. त्या आठ टक्क्यांत असं काय सोनं भरलंय, असा प्रश्न कुणालाही पडेल.

त्याचं थोडं उत्तर आहे. नक्कल करणारे नाकाच्या भरवशावर राहत नाहीत. गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र असतं. त्यात थेंबभर परफ्युम सोडला की एका लांबलचक, केसासारख्या नळीतून त्यातले घटक आपापल्या वेगानं बाहेर पडू लागतात. दाराशी मास स्पेक्ट्रोमीटर बसलेला असतो. तो प्रत्येकाचं नावगाव विचारून घेतो. तासाभरात यादी तयार. पण यादी हातात आली म्हणून पदार्थ जमतोच असं नाही. एकट्या गुलाबाच्या तेलात शेकडो घटक असतात. ते गुलाबातून आले, जिरेनियममधून आले की प्रयोगशाळेतून, हे शोधता शोधता पुरेवाट होते. त्यात जिव्होदान, फर्मेनिश यांसारख्या कंपन्या काही रेणू बाहेर कुणाला विकतच नाहीत. ते फक्त पदरच्या गंधकारांसाठी राखलेले. आमच्या एक वहिनी गोड्या मसाल्याची कृती अगदी मोकळ्या मनानं सांगतात, फक्त दगडफूल सांगायचं दर वेळी राहून जातं, त्यातलाच प्रकार. गंमत म्हणजे अ‍ॅव्हेंटसमधला ओकमॉस हाही जातीनं दगडफूलच आहे, युरोपातल्या ओक वृक्षांवर वाढणारं. त्यातल्या काही घटकांनी कातडीला खाज सुटते म्हणून युरोपनं त्यावर निर्बंध आणले आणि गंधकारांना तिथेही पर्याय शोधावे लागले.

आणि पर्यायांबद्दल बोलायचंच, तर सोवळ्यात कोण आहे? पूर्वीच्या उंची परफ्युममध्ये अंबर असे, देवमाशाच्या पोटातला. आता त्या जागी अँब्रॉक्सान असतं आणि ते क्लॅरी सेज नावाच्या झुडपातल्या द्रव्यापासून बनवतात. देवमाशाच्या दृष्टीनं झालं ते बरंच झालं. म्हैसूरचं चंदन परवडेना, मिळेना, तेव्हा चंदनासारखा वास देणारी रसायनं आली. सगळ्यात मजा ऊदाची. ऊद म्हणजे अगरू, अस्सल तेल सोन्याच्या भावाचं. मग पाश्चात्त्य कंपन्या काळ्या बाटलीवर सोनेरी अक्षरांत 'ऊद' लिहितात तेव्हा आत काय घालतात? बऱ्याचदा त्यात सिप्रिओल नावाचं एक तेल मोठी कामगिरी बजावत असतं. हे सिप्रिओल म्हणजे नागरमोथा. आपण दिवाळीत उटण्यात घालून पहाटे अंगाला चोळतो आणि मोरीत वाहून देतो, तो नागरमोथा! तोच परदेशात जाऊन, सूट घालून, अरबी नाव लावून परत येतो आणि आपण त्याला मॉलमध्ये काचेआड बघून 'एकदा हातावर मारून देता का' असं अजिजीनं विचारतो. तेव्हा 'डिझायनर ते खरं आणि बाकी सगळी नक्कल' हा सोवळेपणा मला काही फार पटत नाही.

गंधकारही एकमेकांच्या वाटेनं कायम जात आले आहेत. फ्रांस्वा कोतीनं १९१७ साली 'शिप्र' काढला. दोन वर्षांत गेर्लँनं त्याच चौकटीत पीचचा गोडवा घालून 'मित्सुको' आणला आणि आज दर्दी लोक मित्सुकोपुढे कान पकडतात. १९८८ सालचा डेव्हिडॉफचा 'कूल वॉटर' हा क्रीडच्याच १९८५ सालच्या 'ग्रीन आयरिश ट्वीड'चा गरीब भाऊ समजला जातो. तो बनवला पिएर बूर्दोंनी, आणि ट्वीडमध्येही त्यांचाच हात होता, असं जाणकार मानतात. आता स्वतःच स्वतःची नक्कल केली तर किती टक्के द्यायचे?

कायद्यालाही हे नीट सुटलेलं नाही. २००६ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की परफ्युमच्या वासावर कॉपीराइट नसतो. त्याच आठवड्यात नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की असू शकतो. खटला लँकोमच्या 'त्रेझॉर'चा होता आणि समोरच्या नकलेचं नाव होतं 'फीमेल ट्रेझर'. त्रेझॉर म्हणजे ट्रेझर; नावापुरती तरी चार आण्यांची मेहनत घ्यायला हवी होती. पुढे २००९ साली युरोपीय न्यायालयानं लॉरिआल विरुद्ध बेल्युर या खटल्यात आणखी एक पेच घातला. आपली कुठली बाटली कुठल्या नामांकित परफ्युमसारखी आहे, याचा तक्ता विक्रेत्याला दाखवणं हा दुसऱ्याच्या नावाचा गैरफायदा ठरला. थोडक्यात, वास सारखा असायला हरकत नाही, फक्त कशासारखा ते बोलायचं नाही.

मुंबईत मोहम्मद अली रोडवर ही अडचण नाही. मिनारा मशिदीच्या आसपास अत्तरांच्या दुकानांत काचेच्या बुचाच्या बाटल्या ओळीनं उभ्या असतात आणि चिठ्ठ्यांवर पेननं स्वच्छ लिहिलेलं असतं: सावेज, ब्लू, क्रिड. शेजारीच खस, मोगरा, कनौजचं मिट्टी अत्तर. या लोकशाहीत शनेल आणि मोगरा एकाच फळीवर बसतात. दुकानदारानं काचेची कांडी बाटलीत बुडवून माझ्या हाताच्या पाठीवर ओढली. मी हात नाकाशी नेणार तेवढ्यात त्यानं तो धरला. "साहब, पहले दस मिनट कुछ मत बोलना." परफ्युमवर आजवर जेवढं ऐकलं-वाचलं, त्यात एवढं शहाणपणाचं वाक्य मला आढळलेलं नाही. तेलात अल्कोहोल नसतं, त्यामुळे ते फवाऱ्यासारखं अंगावर धावून येत नाही, हळूहळू उठतं. त्या दहा मिनिटांत त्यानं मला चहा पाजला, ऊद दाखवला, खस दाखवलं, आणि मी तोळाभर 'क्रिड' घेऊन बाहेर पडलो तेव्हा पिशवीत खसही होतं. तोळा म्हणजे सोन्याचाच तोळा, फक्त इथे तो परवडतो.

ठाण्याच्या आमच्या घरी मात्र दहा मिनिटं न बोलणं ही अशक्य कोटीतली गोष्ट. भाच्यानं कुठूनतरी अ‍ॅव्हेंटसची दोन मिलीची कुपी पैदा केली. याला 'डिकँट' म्हणतात. मोठ्या बाटलीतून सिरिंजनं काढून विकतात, आणि लसीकरणाच्या गंभीरपणानं हाताळतात. मी म्हटलं, आता चाचणी रीतसर होऊ दे. कागदाच्या पट्ट्या कापल्या, मागे पेन्सिलीनं 'अ' आणि 'ब' लिहिलं, कुठला कुठला ते फक्त भाच्याला ठाऊक. खरं तर त्यालाही ठाऊक नको, पण कुणालाच ठाऊक नसेल तर निकाल कोण लावणार, असा त्याचा बिनतोड मुद्दा निघाला. मध्ये नाक ताजं व्हावं म्हणून त्यानं कॉफीच्या बियांची वाटी ठेवली होती. दुकानात असते तशी. प्रयोग करून पाहणाऱ्यांना साध्या हवेपेक्षा कॉफीचा जास्त उपयोग दिसलेला नाही. त्यापेक्षा स्वतःच्याच कोपराचा वास घ्यावा, असं काही जाणकार सांगतात. मे महिन्यात लोकलनं आलेल्या माणसाला हा सल्ला देऊ नये.

पहिला मान काकूंचा. काकूंनी 'अ' हुंगला, 'ब' हुंगला आणि दोन्ही पट्ट्या खाली ठेवल्या.

"दोन्हीला कपडे धुवायच्या पावडरीचा वास येतोय."

भाच्याचा चेहरा पडला. पण काकूंना या खात्यातली मानद पदवी द्यायला हवी. परफ्युमच्या तळाशी जे पांढरे मस्क असतात, तीच मंडळी वर्षानुवर्षं डिटर्जंटमध्ये नांदत आली आहेत. कापडाला चिकटून राहतात म्हणून. आपण ज्याला 'स्वच्छ वास' म्हणतो, तो बराचसा मस्कच असतो. काकूंनी तळाचा थर अचूक पकडला होता. तीस हजारांच्या बाटलीला तो मान्य होणार नाही, एवढंच.

आई म्हणाली, "मला तर पावडरीचा वास कुठेच येत नाहीये." यावरून काकू आणि आई यांच्यात वाद. हा वाद न मिटणारा, कारण दोघी खरं बोलत असतात. काही मस्क काही नाकांना मुळी जाणवतच नाहीत; रेणू मोठे असतात आणि त्यांच्यासाठी त्या माणसाच्या नाकात खिडकीच उघडी नसते. शेजारी बसलेल्याला तोच वास खोलीभर येतो. आता सांगा, ज्या दोन परीक्षकांना निरनिराळे प्रश्न दिसताहेत, त्यांच्याकडून टक्के कसे घ्यायचे?

शेवटी बायको. तिनं 'अ' घेतला, डोळे मिटले. "लिंबू. खूपच लिंबू. फरशी पुसायचं." मग 'ब' घेतला आणि बराच वेळ थांबली. "हा म्हणजे... कॉलेजातला मुलगा सिगारेट ओढून, वर अननसाची गोळी चघळत घरी आलाय आणि आता बाबांच्या समोरून जातोय."

भाचा ओरडला, "मामी, हाच ओरिजिनल!"

क्रीडनं जाहिरातीवर जो काही खर्च केला असेल तो केला असेल. अ‍ॅव्हेंटसचं इतकं नेमकं वर्णन त्यांना करता आलेलं नाही. आणि फरशीच्या लिंबाचं म्हणाल, तर क्लब द नुईचं ते बहुचर्चित लक्षण. पहिला पाव तास त्यातलं लिंबू वसुलीला आल्यासारखं दार ठोठावत राहतं. ते एकदा निघून गेलं, की दोन्ही वास खरोखरच जवळ येतात. रस्ता निराळा, स्टेशन जवळपास तेच. म्हणून पट्टीवर पहिल्या मिनिटाला निकाल देणाऱ्याचं ऐकू नये. मनगटावर लावावा, मनगटं एकमेकांवर घासू नयेत, आणि कामाला लागावं. तासाभरानं हुंगावा, दुपारी जेवून हुंगावा. कागद आणि कातडी यांचंही पटत नाही: कागदाला ना ऊब, ना घाम.

पण खरा निकाल रात्री लागला, आणि तो वासाचा नव्हताच. काकूंनी झोपायच्या आधी दोन्ही पट्ट्या पुन्हा हुंगल्या. "'अ'ला अजून येतोय. 'ब' गेला की." झालं! ज्या समाजात चप्पल, छत्री आणि जावई या तिन्हींना 'टिकला' हे सर्वोच्च प्रशस्तिपत्र आहे, तिथे दुसरा मुद्दा शिल्लकच राहत नाही. भाच्यानं लगेच तासाला किती पडला याचा हिशेब मांडला आणि नक्कल दसपटीहूनही स्वस्त निघाली. टिकणं आणि चांगलं असणं यांचा संबंध नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. जड रेणू सावकाश उडतात, हलके भुर्रकन उडतात. मोसंबं सोलताना येणारा तो सुंदर सपकारा दहा तास टिकावा म्हणणं म्हणजे मोसंब्याला मोसंबं राहू न देणं. पण तोवर सभा विसर्जित झाली होती.

या नक्कलप्रेमींच्या पंथात आणखी एक व्रत आहे, बाटली मुरवण्याचं. नवी नक्कल आणली की दहा-पंधरा फवारे हवेत सोडायचे, थोडी हवा आत जाऊ द्यायची आणि दोन-तीन महिने अंधाऱ्या कपाटात ठेवून द्यायची. लिंबू निवळतं म्हणतात. कारखान्यात अर्क आणि अल्कोहोल एकत्र करून काही आठवडे ठेवतात, हे खरं. घरच्या कपाटात बाटली किती सुधारते आणि आपलं नाक किती सरावतं, हे वेगळं काढणं अवघड. आमच्याकडे अंधारं कपाट एकच, आईच्या साड्यांचं. त्यातून पावसाळ्यानंतर बाटली बाहेर आली तेव्हा लिंबू खरंच निवळलं होतं. त्या जागी डांबराच्या गोळ्या आल्या होत्या. भाच्यानं चार टक्के कापले.

शिवाय हे टक्के मूळच्या नेमक्या कुठल्या बाटलीशी ताडायचे, तेही ठरलेलं नाही. अ‍ॅव्हेंटसच्या खोक्यावरचे बॅच क्रमांक पाठ असणारे लोक आहेत. अमुक वर्षाचा माल धुरकट, तमुक वर्षाचा फळाळ, यावरून त्यांच्यात कडाक्याची भांडणं होतात. मूळच जर दर खेपेला थोडं सरकत असेल, तर नक्कल बिचारी कुणाच्या मागे धावणार? एखादी नक्कल आज ब्याण्णव टक्के असेल आणि मूळच्याचा नवा माल आला की जागच्या जागी अठ्ठ्याऐंशी.

माझं मत विचाराल तर नक्कल बेलाशक घ्यावी. बाटलीवर स्वतःचं नाव असेल तर ती नक्कल. दुसऱ्याचं नाव आणि घोडेस्वारही छापला असेल तर ती फसवणूक, तिच्या वाटेला जाऊ नये. उल्हासनगरच्या मालावरच्या 'मेड इन यूएसए'वर हसून झालेल्या पिढीला हा फरक समजावून सांगावा लागू नये. मात्र घेताना टक्के विचारू नयेत. शेजारी मूळ बाटली नाही असं समजून हुंगावं आणि उद्या पुन्हा लावावासा वाटतो का, एवढं बघावं. मला विचाराल तर क्लब द नुई थंडीत छान, मुंबईच्या दमट दुपारी जरा आरडाओरडा करणारा, आणि आठ बाविसच्या फास्ट लोकलमध्ये चार फवारे मारून चढणं हा दखलपात्र गुन्हा व्हावा असा.

खरे हाल मूळ बाटलीवाल्याचे आहेत. आमच्या ऑफिसात एकाला त्याच्या लंडनच्या मेव्हण्यानं अस्सल अ‍ॅव्हेंटस दिला. पहिल्याच दिवशी शेजारच्यानं विचारलं, "कुठला क्लोन?" त्यानं किंमत सांगितली, तर सगळे मनापासून हसले. एकानं त्याचं मनगट धरून तज्ज्ञाच्या थाटात हुंगलं आणि म्हणाला, "चांगला आहे रे, पण क्लब द नुई जास्त टिकतो." आमच्या लिफ्टमध्ये सकाळी सेल्सची पोरं असतात, सगळीच्या सगळी लिंबू-अननस-धूर मारून आलेली. त्या गर्दीत तो शिरला की त्याचे तीस हजार कुठे जातात, ते त्याचं त्यालाही कळत नाही. हल्ली तो जिन्यानं चढतो. ऑफिस पाचव्या मजल्यावर आहे. चढताना अंग तापतं, वरचा थर भराभर उडतो, आणि पोचेपर्यंत अननस संपून नुसता धूर उरतो. परवा रिसेप्शनवरच्या बाईंनी त्याला काळजीनं विचारलं, "सर, सिगारेट पुन्हा सुरू केलीत का?"